बिलेशयाचें घर

अमरकोशाच्या पातालभोगिवर्गांत सर्पाचीं पुष्कळ नांवें दिलेलीं आहेत. लहानपणीं वडिलांपुढें मांडी घालून तीं आम्हीं पाठ केलीं, आणि पुढें शाळेंत संस्कृत शिकवितांना तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलीं. नांवें जिभेवर होतीं. अर्थहि सांगतां येत असे. परंतु त्यांपैकीं चार नांवांची खरी ओळख आम्हांस झाली ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, आणि तीहि अमेरिकेंत, ओहायो राज्यांतील कोलंबस शहरीं, एका घराच्या तळघरांत. त्या शिकवणीची फी आम्हीं भरली नाहीं. ती एका मुक्या प्राण्यास भरावी लागली. म्हणूनच ही हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त कित्येक वर्षें तिकडे असतो. सन २०२३ च्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां त्याच्या घरीं गेलों तें पुढील मार्चापर्यंत राहिलों. दुसऱ्याच दिवशीं चहाच्या वेळीं तो जरा अडखळत म्हणाला, "काका, खालीं तळघरांत माझे सात साप आहेत. काकूंना एकदम सांगूं नका." काकूंनीं अर्थात् तें ऐकलें होतें. सौभाग्यवतींनीं पुढील आठ दिवस तळघराच्या जिन्याकडे पाहिलेंहि नाहीं. मात्र देवापुढें दिवा लावल्यावर त्या रोज त्या दिशेस हात जोडूं लागल्या.

हे साप आपल्याकडील नाग किंवा फुरसें यांच्या कुळांतले नव्हते. तिकडे ज्यास बॉल पायथन, म्हणजे चेंडू-अजगर, म्हणतात त्या जातीचे ते होते. घाबरला कीं हा प्राणी डोकें मध्यें घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून हें नांव. तो बिनविषारी असून पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील गवताळ प्रदेश हें त्याचें मूळ घर होय. मादी साधारणतः तीन ते पांच फूट भरते. नर त्याहून लहान. बेनिन देशांत उइदा या गांवीं ह्याच जातीच्या सर्पांचें देऊळ आहे व तेथील भाविक त्यांस पूज्य मानतात. हें ऐकल्यावर सौभाग्यवतींचा निम्मा विरोध मावळला. परंतु त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घाना या देशांतून हजारों अजगर पेट्यांत भरून परदेशीं विकले जात आले आहेत, हीहि वस्तुस्थिति आहे. आमच्या पुतण्याचे सातहि साप मात्र अमेरिकेंतच माणसांच्या हाताखालीं जन्मलेले होते.

आम्ही गेलों तेव्हां हे सात जीव सात निरनिराळ्या कांचेच्या पेट्यांत होते. प्रत्येकीचा दिवा निराळा, तार निराळी, झांकण निराळें. अर्धें तळघर त्यांनींच व्यापलें होतें. म्हणून पुतण्यानें 'रॅक' करण्याचें ठरविलें होतें. हा रॅक म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील मांडणी आणि कागदपत्रांचें खणांचें कपाट यांचा संकर समजावा. फळ्यांची उभी मांडणी करावयाची, प्रत्येक फळीवर प्लास्टिकची एक लांबट पेटी सरकवावयाची, आणि प्रत्येक पेटींत एकच साप ठेवावयाचा. तिकडे शेंकडों साप बाळगणारे व्यापारी हीच पद्धत वापरतात; कारण तींत जागा, वीज आणि श्रम या तिहींची बचत होते. शाळेंत हस्तव्यवसायाचा तास आमच्याकडे असे. करवत आणि गुण्या हातांत धरण्याची संवय अजून गेलेली नाहीं. "बरें झालें काका आलांत," असें तो म्हणाला, आणि आम्हींहि बाह्या सारल्या.

पहिलें नांव बिलेशय. बिळांत शयन करणारा तो बिलेशय. हा अजगर आफ्रिकेंत दिवसाचा पुष्कळसा वेळ उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत काढतो व रात्रीं बाहेर पडतो. चारी बाजूंनीं कांच आणि डोक्यावर दिवा अशा पेटींत त्यास आडोसा नसेल, तर तो भेदरून अन्न सोडतो. म्हणून काळोखाचा खण पाहून प्रथम आम्हांस तुरुंगाची आठवण झाली, तरी त्या प्राण्यास अंधार व आडोसा हवाच असतो हें मान्य करावें लागलें. मोठ्या सापासाठीं आम्हीं सुमारें तीन फूट लांब, दीड फूट रुंद व सहा इंच खोल अशा पेट्या घेतल्या. पिलांस मात्र मोठी पेटी एकदम देऊं नये. लहान पेटी देऊन वाढीप्रमाणें बदलावी, असा तिकडील रिवाज आहे. फळ्या मेलामाइनचा गुळगुळीत मुलामा दिलेल्या घेतल्या, कारण त्या पुसल्या कीं स्वच्छ होतात. आठ खणांची मांडणी सुमारें पांच फूट उंच झाली. ती मागील भिंतीस पक्की जखडली. नाहीं तर दोन-तीन भरलेले खण एकदम पुढें ओढतांच सारा डोलारा अंगावर येण्याचें भय असतें.

ह्या पेट्यांस झांकण नसतें. वरची फळी हेंच खालच्या पेटीचें झांकण. म्हणून पेटीची कड आणि वरची फळी यांतील फट हा सुतारकामांतील नाजूक भाग होय. ती एक-दोन दोऱ्यांहून अधिक राहिली कीं पिलूं रात्रींत पसार होतें. आणि फट अजिबात न ठेवली तर खण ओढतांना घासतो. आम्हीं प्रत्येक खण दहा वेळां ओढून पाहिला आणि दोन फळ्या पुन्हां उतरवून बसविल्या.

दुसरें नांव उरग. उरानें, म्हणजे छातीनें, जातो तो उरग. आपल्या शरीरांत जसा अग्नि सतत तेवत असतो तसा सर्पाच्या शरीरांत नसतो. त्यास ऊब बाहेरून घ्यावी लागते, आणि ती न मिळाल्यास पोटांत गेलेलें अन्न पचत नाहीं. रॅकमध्यें ही ऊब खालून देतात. फळीच्या मागील भागांत एक उथळ खांचणी कोरून तींत अकरा इंच रुंदीची विजेची उष्णपट्टी बसविली. खांचणी अशासाठीं कीं खण सरकतांना पट्टी घासली जाऊं नये. पेटीचा मागचा तिसरा हिस्सा ह्या पट्टीवर येतो व पुढचा भाग गार राहतो. मागच्या बाजूस तळ सुमारें ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि पुढें २५-२६ अंश, असें प्रमाण ठेवावयाचें. साप स्वतःच्या गरजेप्रमाणें मागें-पुढें सरकतो. तेवढीच त्याची निवड. दोन्हीं टोकांस एकेक लपण ठेवावें, म्हणजे आडोसा हवा कीं ऊब हवी असा पेंच त्यास पडत नाहीं.

पट्टी आपण होऊन कोठें थांबावें हें जाणत नाहीं. तिच्यावर थर्मोस्टॅट नांवाचें यंत्र लागतें. त्याच्या तारेच्या टोकास एक बारीक संवेदक असतो. तो पट्टीला चिकटवितात. पट्टी ठरल्याहून तापली कीं यंत्र वीज कमी करतें, निवाली कीं वाढवितें. यंत्रावरील आंकड्यावर मात्र विसंबूं नये, कारण पट्टी आणि सापाचें पोट यांच्या मध्यें प्लास्टिक व भुसा असतो. पेटीच्या आंतील तळाचें तापमान निराळ्या तापमापकानें पाहावें. वरच्या खणांत ऊब चढते व खालच्यांत कमी पडते, म्हणून वर-खालीं दोन्हींकडे मोजावें. आम्हीं तीन दिवस रिकामे खण चालवून सकाळ-संध्याकाळ आंकडे वहींत टिपले आणि मगच साप आंत ठेवले.

तिसरें नांव पवनाशन, वारा खाऊन राहणारा. वारा खाऊन कोणताच साप जगत नाहीं. परंतु ह्या नांवामागचें निरीक्षण किती खरें आहे तें तेथें दिसलें. हा अजगर महिने-महिने अन्नास तोंड लावीत नाहीं, आणि वजन फारसें घटलें नाहीं तर त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नसतें. एका नरानें दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कांहीं खाल्लें नाहीं. "ह्याचा चातुर्मास कार्तिकीला सुरू होतो वाटतें," असें सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या जिना उतरूं लागल्या. एरवीं मोठ्या सापास दहा-पंधरा दिवसांनीं एक उंदीर पुरतो. तो मारून गोठविलेला विकत मिळतो व देण्यापूर्वीं त्याचा बर्फ पूर्ण वितळवून कोमट करावा लागतो. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत हा प्रश्न अवघड. पण सूनबाईंनीं तळघरांत निराळें शीतकपाट ठेवून त्याचा निकाल लावला होता. सापास किंवा पेटीस हात लावल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय वर यावयाचें नाहीं हाहि तिचाच दंडक. कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात, आणि लहान मुलें व वृद्ध यांस त्यांपासून विशेष भय असतें.

पवनाचा खरा संबंध पेटीच्या भोंकांशीं आहे. भोंकें थोडीं पडलीं तर आंत दमट कोंडते, भुशास बुरशी येते व सापाच्या छातींत कफ धरतो. फार पडलीं तर हवा कोरडी होऊन कात अखंड निघत नाहीं, तुकड्यांनीं निघते. हवेंत ५५ ते ६५ टक्के ओलावा असावा, आणि डोळे दुधाळ होऊन कात टाकण्याचे दिवस आले कीं थोडा अधिक. आम्हीं दोन्हीं लांब बाजूंस भोंकें पाडलीं व त्यांच्या कडा घांसून गुळगुळीत केल्या, कारण साप नाक भोंकांत खुपसून पाहतो. तळाशीं नारळाच्या सोडणाचा भुसा घातला. देवदाराचा भुसा घालूं नये. त्याच्या सुवासिक तेलानें सर्पांस अपाय होतो. पाण्याचें भांडें जड व बसकें असावें. नवा साप आणल्यास त्यास दोन-तीन महिने निराळ्या खोलींत ठेवावें, नाहीं तर त्याच्या अंगावरील गोचिडीसारखे बारीक किडे खणाखणांतून पसरतात.

डिसेंबरापर्यंत सारें यथास्थित चाललें. सात खण भरलेले, आठवा राखीव, प्रत्येकावर चिठ्ठी, वजनांची वही निराळी. ती नेटकी मांडणी पाहून आम्हांस मनापासून समाधान वाटे. शाळेंत बाकें दोरींत आहेत कीं नाहींत हें पाहूनच आम्ही फळ्याकडे वळत असूं. मुलांस त्या बाकांवर बसून पाय हलवितां येतात कीं नाहीं, हें पाहण्याचें आम्हांस तीस वर्षांत एकदांहि सुचलें नाहीं.

जानेवारींतील गोष्ट. बाहेर बर्फ पडलें होतें. पुतण्या व सूनबाई कामावर गेलीं होतीं. दुपारीं आम्हीं मांडणीच्या मागील धूळ झाडावयास घेतली. लोंबती तार दिसली ती नीट गुंडाळून खिळ्यास अडकविली, आणि चांगलें काम झालें असें समजून वर येऊन पडलों. त्या गुंडाळण्यांत तारेच्या टोकाचा संवेदक पट्टीवरून सुटला व भिंतीशीं गार हवेंत लोंबत राहिला, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. यंत्रानें गार हवा मोजली आणि पट्टी निवाली आहे असें समजून सातहि खणांस वीज देत राहिलें.

संध्याकाळीं शाळेंतून आलेली आमची दहा वर्षांची नात खालीं गेली व ओरडत वर आली, "आजोबा, खण बघा कसे तापलेत!" तिनें वीज बंद केली होती, आम्हांस तेवढेंहि सुचलें नसतें. मागच्या बाजूस तळ ४७ अंशांवर गेला होता. सहा साप पुढच्या भिंतीस चिकटून, तोंड फटीपाशीं नेऊन बसले होते. सर्वांत वडील मादी, जिला दोन दिवसांपूर्वीं अन्न मिळालें होतें, ती मात्र तापल्या जागेवरच वेटोळें घालून होती. उचलून पाहिलें तों पोटाखालचे खवले लाल होऊन सुटले होते.

"आजोबा, ती उठून पुढें कां गेली नाहीं?" नातीनें विचारलें. दुसऱ्या दिवशीं सर्पांच्या वैद्यानें त्याचें उत्तर दिलें. खालून तापणाऱ्या जागेवरून सर्प वेळेवर उठतोच असें नाहीं. भाजेपर्यंत पडून राहिल्याचीं उदाहरणें त्यांच्याकडे नेहमीं येतात. उरग उरावर चालतो आणि उरावरच भाजतो. जखम धुवून चांदीचा अंश असलेलें मलम लावावयाचें, भुसा काढून साधा कागद अंथरावयाचा व तो रोज बदलावयाचा, असा उपचार ठरला. तें काम आम्हीं मागून घेतलें. मार्चांत निघेपर्यंत तिनें एकदां कात टाकली होती. जखम भरली होती, परंतु तेवढी जागा पांढुरकी राहिली.

पुतण्यानें आम्हांस एक शब्द बोलला नाहीं. मलम लावतांना एकदां म्हणाला, "काका, तार तुमच्या हातून सुटली, पण एका तारेवर सात जीव टांगून ठेवले ते मीं." त्या आठवड्यांत त्यानें दुसरा थर्मोस्टॅट पहिल्याच्या वर बसविला, तो दोन अंश अधिकावर ठेवलेला असतो, आणि पहिला चुकला तर वीज साफ तोडतो. संवेदक चिकटपट्टीनें न ठेवतां खिळवून टाकला. तापमान हद्दीबाहेर गेलें कीं वाजणारी घंटा वरच्या मजल्यावर लावली. वाचकांपैकीं कोणाचे मुलगे-नातू परदेशीं ह्या नादांत असतील, तर ह्या तीन गोष्टी त्यांनीं मांडणीच्या फळ्या कापण्यापूर्वींच विकत आणाव्यात.

त्या दिवसांत रोज मलम लावतांना तिला बाहेर काढावें लागे. मेजावर ठेवली कीं ती हळूहळू लांब होई आणि सरळ रेघेसारखी पसरून स्वस्थ पडे. आम्हीं फुटपट्टी लावली. चार फुटांस दोन बोटें कमी. तिचा खण तीन फुटांचा. म्हणजे आम्हीं तिला खणांत ठेवल्या दिवसापासून ती एकदांहि सरळ झाली नव्हती. अमरकोशांतील चौथें नांव त्या वेळीं आठवलें, दीर्घपृष्ठ. लांब पाठीचा. तीस वर्षें हें नांव आम्हीं शिकविलें, आणि आमच्याच हातांनीं त्या पाठीस आंखूड घर बांधून दिलें.

ह्या प्रश्नावर तिकडे दोन पक्ष आहेत. रॅकवाले म्हणतात कीं साप खातो, वाढतो, अंडीं घालतो, मग त्यास आणखी काय हवें? दुसऱ्या पक्षानें २०१९ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत असें मांडलें कीं सापास निदान पूर्ण सरळ होतां येईल एवढी जागा असलीच पाहिजे. २०२१ सालीं जर्मनींतील म्युनिकच्या संशोधकांनीं ह्याच जातीचे साप रॅकमध्यें व मोठ्या सजविलेल्या पेटींत ठेवून त्यांचें वागणें ताडून पाहिलें. मोठ्या पेटींत चढणें, ऊन घेणें अशा ज्या क्रिया दिसल्या त्यांस रॅकमध्यें वावच नव्हता, आणि ही पद्धत ह्या प्राण्यास योग्य नाहीं असा त्यांचा निष्कर्ष होता. आम्हांस दोन्हीं बाजू ऐकून असें वाटतें कीं खाणें आणि वाढणें ही जगण्याची खूण आहे, नांदण्याची नव्हे. बिळांत निजणारा प्राणी रात्रीं बिळाबाहेर पडतो. आपण त्यास बीळ दिलें, बाहेर मात्र दिलें नाहीं.

फेब्रुवारींत आम्हीं तिच्यासाठीं चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी पेटी केली. दोन अंधारीं लपणें, मध्यें एक आडवी जाड फांदी, आणि ऊब वरून, जाळीआडच्या तापकांतून. अजगर झाडावर चढणार थोडाच, असें आम्हीं म्हटलें होतें. तिसऱ्या रात्रीं नातीनें हळूच हांक मारली. खालीं जाऊन पाहतों तों ती फांदीवर अर्धी लोंबत होती आणि जीभ बाहेर काढून खोली चांचपीत होती. रॅक मोडला नाहीं. तो आतां पिलांस, आजाऱ्यांस व नव्यानें आलेल्यांस तात्पुरता ठेवण्याच्या उपयोगी पडतो. बाकीच्यांस एकेक करून मोठें घर करून देण्याचें ठरलें. हा संसार थोड्या दिवसांचा नव्हे. हे साप वीस-तीस वर्षें जगतात, आणि सेंट लुईच्या प्राणिसंग्रहालयांतील ह्या जातीच्या एका मादीनें २०२० सालीं, साठीच्या पुढें गेल्याचा अंदाज असतां, अंडीं घातलीं. आणणाऱ्यानें आपलें वय मोजून मग साप आणावा.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ही हकीकत अमेरिकेंतील आहे. आपल्या देशांत अजगर, नाग, धामण इत्यादि सर्पांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यांस धरून घरीं बाळगणें हा गुन्हा होय. चेंडू-अजगरासारख्या आंतरराष्ट्रीय करारानें नियंत्रित विदेशी प्राण्यांची नोंदणीहि २०२२ च्या दुरुस्तीनें व २०२४ च्या नियमांनीं सक्तीची केली आहे. परसांत धामण दिसली तर तिच्यासाठीं मांडणी करण्याची गरज नाहीं. तिचें बीळ तिला राहूं द्यावें.

परत आल्यापासून दर रविवारीं फोन येतो. पूर्वीं आम्ही नातीस अभ्यासाचें विचारीत असूं, आतां प्रथम विचारतों, "मागें किती, पुढें किती?" ती वहींतले आंकडे वाचून दाखविते. परवां तिनें सांगितलें कीं वडील मादीनें पुन्हां अखंड कात टाकली, आणि पोटावरील पांढरा डाग पूर्वींपेक्षां बराच लहान झाला आहे. चार नांवें तिनें देवनागरींत लिहून त्या पेटीवर चिकटविलीं आहेत. त्यांत एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. ती आम्हीं फोनवरच सुधारून घेतली.